येलवालचं शून्य

स्पृहाला लहानपणापासून एक खोड होती. कुणी "त्यात काय एवढं" म्हटलं, की नेमकं त्यातच काय आहे ते तिला बघायचं असायचं. साताऱ्याहून म्हैसूरला येऊन दोन वर्षं झाली, हूटगळ्ळीच्या कारखान्यात रिपोर्ट बनवायची नोकरी लागली, तरी खोड काही सुटली नव्हती.

त्या सोमवारी तिच्यासमोर कारखान्याच्या बसचा तक्ता होता. कुठल्या थांब्यावर रोज सरासरी किती माणसं चढतात ते सांगणारा. त्यावरून दुसऱ्या दिवशी अकराच्या बैठकीत एक थांबा बंद होणार होता. मागे सुधींद्र सर उभे होते. ते वाहतूक विभागाचे प्रमुख, तीन पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या मराठी घरातले, बोलण्यात मधूनच कन्नड शब्द येणारे, आणि तक्ता वाकडा दिसला तर जेवण न जाणारे.

"पॉइंटमागचे आकडे बेडा, नकोत, स्पृहा," ते म्हणाले. "माणसं काय अर्धी-पाव येतात? पूर्ण आकडे ठेव, उजवीकडे एका रेषेत घे. शेजारी ते हिरवे पट्टे पण घाल."

तिने तसं केलं. रकाना खरोखर देखणा झाला. सगळ्यात खाली होतं येलवाल, आणि त्यापुढे शून्य.

"बघ, कोणीच नाही तर गाडी तिथवर कशाला? साकु, पुरे झालं, हेच पाठव."

पण त्या शून्याशेजारी केसाएवढी हिरवी रेघ होती. बाकीच्या पट्ट्यांची लांबी माणसांवरून ठरत होती. मग शून्याला रेघ कशी?

"असेल काहीतरी. त्यात काय एवढं," असं म्हणून सर निघून गेले. झालं, नको तेच बोलून बसले.

स्पृहाने पॉइंटमागचे आकडे परत आणले. शून्याच्या जागी ०.४ उमटलं. पूर्ण आकडे मागितले की तक्ता अर्ध्याच्या आतलं सगळं गिळत होता, पट्टा मात्र खऱ्या आकड्यावरून काढत होता. तिने रोजच्या नोंदी उघडल्या. पाच दिवसांतून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, येलवालला एकच माणूस चढत होतं. नाव कुठेच नव्हतं.

मंगळवारी सकाळी सहालाच ती स्कूटरवरून येलवालला जाऊन उभी राहिली. थांब्यावर साठीच्या एक बाई होत्या, हातात कापडी पिशवी. स्पृहाच्या मोडक्या कन्नडला त्यांनी सावकाश उत्तरं दिली. नाव कमलाक्षी. कारखान्याच्या औषधखोलीत आठवड्यातून दोन दिवस नर्स. सरकारी बस भरून येते आणि गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, म्हणून ही बस.

"ही बंद झाली तर?"

"मग काम सोडायचं," त्या म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या. स्पृहाला आपल्या देखण्या रकान्याची भयंकर लाज वाटली.

साडेदहाला ती तक्ता घेऊन सरांकडे गेली, तर खुर्ची रिकामी. मंगळवारी ते बीपी तपासायला खाली जातात, असं शिपायाने सांगितलं. ती धावत औषधखोलीत पोचली आणि दारातच थबकली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"सर, येलवालचं शून्य सापडलं."

"हौदा, खरंच? कुठे?"

"तुमच्या दंडाला पट्टा बांधतंय."

सरांनी कागद पाहिला, मग कमलाक्षीबाईंकडे पाहिलं. चार वर्षं त्या दर मंगळवारी त्यांचं बीपी बघत होत्या. त्या कुठून येतात, हे सरांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"आज थोडं वाढलंय," बाई कन्नडमध्ये म्हणाल्या.

सर बराच वेळ बाही खाली करत राहिले. "तो सरासरीचा रकाना काढ," शेवटी ते स्पृहाला म्हणाले. "कोण चढतंय, कुठल्या वारी, तेवढं लिही."

त्या दोन दिवशी बस येलवालला जाईल, हे ठरायला बैठकीत दोन मिनिटंही लागली नाहीत. तक्त्यात येलवालपुढे आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं: कमलाक्षी, मंगळवार, शुक्रवार.