उखर्डू नावाचा राखणदार

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. साक्रीतल्या एका बंद दवाखान्यात, औषधे संपलेल्या कपाटाशेजारी उभा आहे. पाठीमागच्या फटीत पालीने अंडी घातली आहेत.

१९९२ साली डॉक्टर अभिमन, म्हणजे साऱ्या गावाचे आबा, मला जीपमधून धुळ्याहून घेऊन आले. खड्डा आला की ते मला दोन्ही हातांनी धरत. आसपासच्या पाड्यांवर कोणाला कोणते इंजेक्शन सोसत नाही, याची वीस वर्षांची यादी त्यांच्याकडे होती. कागदांना वाळवी लागली, म्हणून त्यांनी एका बोटाने एकेक नाव माझ्यात भरले. चौदाशे बारा नावे! लोक चपला काढून मला बघायला येत.

दोन वर्षांनी आबांचा जुना विद्यार्थी सुकदेव याने माझ्या मेमरीत एक छोटा प्रोग्राम बसवला. पडद्यावर तो कधी दिसत नसे. माझ्या फायलींशी कोणी खेळू लागले, की तेवढी शिट्टी वाजवी. आबांनी त्याचे नाव ठेवले उखर्डू.

पुढच्या पावसाळ्यात आबांना धुळ्याच्या रुग्णालयात हलवले. त्यांची मुलगी कुंदा नाशिकहून आली. रजेचा अर्ज लिहायला तिने स्वतःची फ्लॉपी माझ्यात घातली आणि शिट्टी सुरू झाली. ती थांबेचना.

कुंदाने दुरुस्तीवाल्या तोतारामला बोलावले. त्याने मेमरीतली यादी उघडली.

“ताई, बाकीची नावं कंपनीची आहेत. हे उखर्डू काय आहे? व्हायरसच दिसतोय.”

“नावावरूनच कळतंय,” कुंदा म्हणाली. “आबांना विचारू का?”

“आजारी माणसाला कशाला ताप? पुसून टाकतो.”

आबा तेव्हा शुद्धीवर होते. एक फोन पुरला असता. फ्लॉपी मात्र कोणीच तपासली नाही. ती घरच्या माणसाची होती. मला सारे दिसत होते, पण बोलता येत नव्हते.

शिट्टी थांबली. चौथ्या दिवशी कुंदाने मला सुरू केले, तेव्हा फ्लॉपीतून आलेल्या खऱ्या चोराने, व्हायरसने, सगळे पुसले होते. यादीची दुसरी प्रत नव्हती.

कंपाउंडर पुना दारातच खाली बसला. “अक्का, ते सुकदेवनी बसाडेल व्हतं, राखणले. वाचाडाना पोऱ्यानं नाव आपण वंगाळच ठेवतस ना?”

जगवायच्या पोराला वाईट नाव देतात, हे कुंदाला माहीत नव्हते असे नाही. ज्या घरात पोरे दगावतात, तिथे नव्या बाळाला उकिरड्यावर टेकवून उखर्डू म्हणतात. टाकाऊ समजून काळ त्याला वगळतो. तिच्या सख्ख्या काकाचे नाव हेच होते.

त्या संध्याकाळी ती धुळ्याला गेली. आबांनी विचारले, “यादी शे ना?”

“शे, आबा,” आहे म्हणून ती खोटेच बोलली.

त्यांनी डोळे मिटले. तीन दिवसांनी ते गेले.

तेरावा झाल्यावर कुंदा वही घेऊन पाड्यापाड्यावर निघाली. यादीतल्या तानुबाईचे घर सर्वांत लांबचे. ती पोचली, तेव्हा अंगणात तानुबाईचा मुलगा डोके भादरून बसला होता. आदल्या आठवड्यात बाजारच्या दिवशी, आबांचा दवाखाना बंद म्हणून, आईला त्याने दुसरीकडे सुई टोचवून आणली होती. तिला काय सोसत नाही, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते.

मित्रांनो, अनोळखी नाव दिसले तर जरूर संशय घ्या. पण पुसण्याआधी विचारा: हा कोठून आला, कोणी बसवला, करतो काय? सांगणारा माणूस जिवंत आहे तोवर विचारा. आणि आपल्याच हाताने जे घरात आणले, त्याचीही तेवढीच झडती घ्या.

कुंदाच्या वहीत आजवर नऊशे तीन नावे जमली आहेत. वही माझ्या शेजारच्या कपाटात असते. तिच्या पुठ्ठ्यावर एकच शब्द लिहिला आहे: उखर्डू.