बिनकामाचं मशीन

गोजरबाईंचा फोन आला तेव्हा फलक नुकतीच डबा उघडून बसली होती.

"पोरी, बोंडात अळी निघून राह्यली," त्या म्हणाल्या. फलकनं उचललेला घास परत डब्यात ठेवला.

"किती बोंडात, काकू?"

"दहा फोडले, आठ किडके. वरून हिरवंगार, आतमधी गुलाबी अळी बसलेली. काय करू, सांग."

असं होऊच शकत नाही! फलकच्या मनात पहिलं हेच आलं. अहो, गोजरबाई म्हणजे कोणी आलीगेली नव्हे. वरवट बकाल गावी फलकच्या अब्बांच्या, रहेमतुल्लांच्या, बांधाला बांध लागून त्यांची चार एकर कपाशी. पोरगी शिकून खामगावच्या कपाशी सल्ला केंद्रात कॉम्प्युटरवर लागली, तेव्हा अर्ध्या गावाला पेढे वाटणारी ही बाई. त्यांच्या शेतात फलकनं स्वतः कामगंध सापळा टांगून दिला होता. रात्री अळीचे पतंग त्यात अडकायचे, सकाळी काकू ते मोजून आकडा मोबाइलवरून केंद्राला धाडायच्या. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की केंद्रातली मशीनं गावच्या सगळ्या कपाशीवाल्यांना आपोआप निरोप सोडायची, की आता फवारणी करा. अशी शंभरावर गावं त्या निरोपाच्या भरवशावर होती.

"मेसेज नाही आला तुमाले?"

"नाही ना. म्हणून तर निवांत होती मी."

"आन् सापळ्यात पतंग?"

"दसऱ्यापासून बारा, पंधरा. एक दिवस तं बावीस! रोज धाडला न आकडा."

"मंग काकू, तुमाले भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना वं. पण म्हटलं, फलकच्या मशीनले आपल्यापरीस जास्त समजते. ते बोललं नाही म्हंजे काही नाही."

बाईनं बावीस पतंग डोळ्यांनी पाहिले आणि डोळ्यांवर नाही, फलकवर विश्वास ठेवला! "पाच मिनिटांत फोन करते," म्हणून ती पडद्याकडे वळली.

पडद्यावर सगळं हिरवं. पहिलं मशीन ठीक, दुसरं मशीन ठीक. मग निरोप कुठं गेले? तिनं पान वरून खालपर्यंत पाहिलं आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर नजर अडकली. चार ऑक्टोबर, दुपारचे तीन दहा. आज तर चोवीस तारीख! म्हणजे वीस दिवस हा पडदा जुनाच फोटो दाखवत होता, आणि फलक रोज सकाळी तो हिरवा रंग पाहून चहा पीत होती. शरम वाटावी अशी गोष्ट, पण खरी.

तिनं मशीनची नोंदवही उघडली. वीस दिवसांत दर अर्ध्या मिनिटाला एकच ओळ पुन्हा पुन्हा, "बहुमत नाही, निरोप रोखले आहेत."

कसलं बहुमत? तिनं मांडणीची फाइल उघडली. तिथं तीन नावं होती. खोलीत मशीनं दोन.

"या अल्लाह," फलक मोठ्यानं म्हणाली.

ही तीन मशीनं म्हणजे तीन पंच होते. एखाद्याचं डोकं फिरून त्यानं उगाच अख्ख्या तालुक्याला फवारायला लावू नये, म्हणून तिघांपैकी दोघांचं जुळल्याशिवाय निरोप सुटायचा नाही. काम सारं पहिली दोन करायची. तिसरं लहानसं, कोपऱ्यात बसून फक्त आपलं मत द्यायचं. ऑगस्टमध्ये केंद्रप्रमुख गुलाबरावांचा कॉम्प्युटर बसला, तेव्हा फलकच म्हणाली होती, "भाऊ, हे घेऊन जा. नुसतं बसून राह्यते." पडद्यावर त्याची लाल खूण डोळ्यात खुपायला लागली, तर तिनं तीही झाकून टाकली. फाइलमधलं नाव मात्र तसंच राहिलं.

दीड महिना दोघांनी रेटलं. मग चार ऑक्टोबरच्या भारनियमनात दुसऱ्याची बॅटरी मेली. वीज आल्यावर त्याचा दिवा लागला, पंखा फिरला, पण आतलं काम सुरूच झालं नाही. उरलं एकटं पहिलं. तिघांत एकट्याला कोण विचारतं? ते बिचारं तोंड मिटून बसलं, आणि पडदाही तिथंच गोठला. आणि इकडे गुलाबराव येईल त्याला सांगत होते, "यंदा मेसेजच नाही, म्हंजे अळीच नाही!" दिवाळीही त्याच आनंदात गेली.

फलक उठली, पुढच्या खोलीत धावली आणि गुलाबरावांच्या टेबलावरून मशीन उपटलं.

"काऊन वं? माहं प्रिंट निघून राह्यलं!"

ती थांबली नाही. लेकरासारखं पोटाशी धरून मशीन आत आणलं, वायरी जोडल्या, चालू केलं. त्यातलं पंचाचं काम कोणी पुसलं नव्हतं. मिनिटभरात पडदा हलला, तारीख चोवीस झाली, आणि "बहुमत झाले" अशी ओळ आली. फलकनं सुस्कारा सोडला, आणि तो सुस्कारा पुरता सुटायच्या आत तिच्या तोंडचं पाणी पळालं. रोखलेले निरोप! वीस दिवस साचलेले सगळे निरोप धडाधड सुटायला लागले होते. फवारणी करा, फवारणी करा, फवारणी करा. ती टेबलाखाली शिरली, हाताला लागली ती वायर ओढली. तोवर एकोणीस हजार निघून गेले होते.

गुलाबराव दारात उभे होते. त्यांना सगळं कळायला वेळ लागला नाही. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "हे पाह्य फलक," ते हळूच म्हणाले, "टॉवरचा घोळ होता म्हणून सांगू. कोणाले समजते?"

तेवढ्यात फोन वाजला. गोजरबाईच.

"फलक, मोबाइल वाजूनच राह्यला न वं! फवारा म्हणते. पंपात पाणी भरलं मी, औषध कोणतं टाकू?"

फलकला रडू फुटलं. "नका फवारू, काकू. अळी बोंडात शिरली, आता औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. हा मेसेज वीस दिवस आधी यायचा होता."

पलीकडं पंपाचं झाकण लावल्याचा आवाज आला. "काय बिघडलं होतं?"

गुलाबराव हातानं टॉवर, टॉवर अशी खूण करत होते. फलकनं त्यांच्याकडं पाठ केली.

"बिघडलं त्यानं काही अडलं नसतं, काकू. एक मशीन मीच काढून देलं. काही काम करत नाही, नुसतं बसून राह्यते, म्हणून."

हे बोलतानाच फलकला जूनमधली गावसभा आठवली. बीटी बियाण्याच्या थैलीत साध्या कपाशीची एक पुडी येते. ती कडेनं पेरायची, म्हणजे अळी तिच्यावरही जगते आणि बीटी कपाशीतल्या विषाला सरावत नाही. पण त्या झाडांना नाव घ्यावं असं पीक येत नाही, म्हणून सगळे ती पुडी फेकतात. गोजरबाईंनीही फेकली होती. तेव्हा फलकनं त्यांना भर सभेत उभं करून सुनावलं होतं, की जे काम करताना दिसत नाही, तेच राखण करते.

"त्या पुडीवाणी?" गोजरबाईंनी विचारलं.

"हाव, काकू."

"मी तं त्याच दिवशी उकिरड्यातून वेचून आणली अन् पेरली वं, पोरी," गोजरबाई म्हणाल्या, "तू सांगतलं म्हणून." आणि त्यांनी फोन ठेवला.