आठव्या मजल्यावरची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. खजुराच्या पातींची, बुडाला तीन ठिगळं लावलेली. पण लगेच नाक मुरडू नका. तुमच्यापैकी कितीजण आठ मजले हवेत लोंबकळले आहेत? मी लोंबकळले आहे, आणि ते आठवलं की अजूनही माझी एकेक पात शहारते.

फय्यूमच्या एका म्हातारीने मला विणलं. कैरोच्या तंबूवाल्यांच्या गल्लीत इन्साफ नावाच्या नव्या नवरीने मला विकत घेतलं. तिने माझ्या कड्यांना पंचवीस हात दोर बांधला आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मला खाली सोडलं. बाई गं, काय घाबरले होते मी! भोवऱ्यासारखी गरगरत खाली आले. मग सवय झाली. सकाळी गरम भाकरी आणि फूल नावाच्या वालासारख्या दाण्यांच्या उसळीचं भांडं घेऊन वर जायचं, दुपारी लिंबं, कांदे, कधी शेजारणीसाठी निरोप.

खिडकीच्या अगदी खाली उस्ताद बय्यूमींचं दुकान होतं. तंबूच्या जाड कापडावर रंगीत तुकड्यांची नक्षी हाताने शिवायची, हा त्यांचा धंदा. इन्साफ विधवा झाली तेव्हा त्यांनी माझ्यात कापड, सुया आणि दोरे ठेवले आणि वर पाहून म्हणाले, "ओढ!" तेव्हापासून कापड माझ्यातून वर जायचं आणि नक्षी होऊन खाली यायचं. तिचं घर माझ्यावर चाललं, हे मी अभिमानाने सांगते.

"इन्साफ, हा तारा वाकडा आलाय!" उस्ताद खालून ओरडायचे.

"तारा सरळच आहे, तुमची मान वाकडी झालीय! चष्मा टाका टोपलीत, पुसून देते!"

सगळी गल्ली खो खो हसायची.

पण आमची इमारत थकली होती. भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. एका दुपारी शेजारच्या घराचा जिना खाली आला, सुदैवाने रिकामा. मग नकाशे घेऊन साहेब लोक आले. बाजार जागच्या जागी राहील, वर आठ मजले चढतील, आणि परवडणाऱ्या भाड्याची घरं होतील, असं त्यांनी सांगितलं. चौदा घरांच्या जागी शहाण्णव!

"शहाण्णव?" इन्साफने कपाळावर हात मारला. "एवढी माणसं आणणार कुठून? उद्या कोणी परका माझ्या टोपलीतले कांदे पळवील!"

तिने साहेबांनी नमुना म्हणून आणलेली पुठ्ठ्याची छोटी इमारत निरखून पाहिली. गॅलऱ्या सगळ्या आतल्या चौकाकडे होत्या, बाजाराकडे नुसती कोरी भिंत.

"मुली," तिने शाहिंदा नावाच्या तरुण इंजिनियरबाईला विचारलं, "माझी टोपली कुठून उतरणार?"

साहेब लोक हसले. शाहिंदा समजुतीच्या सुरात म्हणाली, "खाला, आतल्या बाजूला शांतता मिळेल तुम्हाला."

"शांतता कबरीत मिळतेच की! मला काम हवंय. माझे गुडघे गेलेत. टोपली बंद झाली तर मी खाणार काय, तुझी शांतता?"

शाहिंदा गोरीमोरी झाली. पण मुलगी गुणाची. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन गल्लीत उभी राहिली. दुकानं उघडली आणि एकेका खिडकीतून आम्ही टोपल्या उतरू लागलो. एक औषध घेऊन गेली, एक शिवायचं कापड, एक तर पिंजऱ्यासकट कबुतर! दुपारच्या नमाजापर्यंत त्रेसष्ट फेऱ्या झाल्या. शाहिंदाची मान वर ती वरच. "अल्लाह!" एवढंच ती म्हणाली. मग तिने नकाशा फाडला आणि बाजाराच्या बाजूला प्रत्येक घराला गॅलरी काढली.

जुनी इमारत पाडून नवी बांधेपर्यंत तीन वर्षं आम्ही शहराच्या टोकाला, तळमजल्यावरच्या खोलीत काढली. मी कपाटावर पडून होते. माझ्यात जुन्या चपला ठेवल्या होत्या. चपला, मित्रांनो! मी जे कापड वाहून नेलं त्याखाली लग्नं लागली होती, आणि आता चपला. उस्ताद महिन्यातून एकदा बस बदलत बदलत काम आणून द्यायचे. ते येईनासे झाले तर काय, या काळजीने इन्साफ झोपेतही बोटं हलवायची.

शेवटी परत आलो. आमच्या वाट्याला आठवा मजला आला होता. सामान चढवणाऱ्या हमालांनी इन्साफलाही खुर्चीत बसवून वर नेलं. इन्साफने मला पुसलं, गॅलरीत नेलं, आणि मी खाली पाहिलं. आई शप्पथ! मिनारांचे कळस माझ्या बरोबरीला होते. दूरवर मुकत्तमची टेकडी दिसत होती, आणि माझ्या खाली गॅलऱ्याच गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, पोरांचे आवाज, मुलुखियाच्या पालेभाजीच्या फोडणीचा वास. एवढी माणसं एका भिंतीवर राहू शकतात? मी थक्क झाले.

खाली उस्तादांचं नवं दुकान होतं. लग्नाच्या मोठ्या मंडपाचं कापड तयार होतं. मधला तारा तेवढा इन्साफच्या हातचा हवा म्हणून त्यांनी तेवढी जागा रिकामी ठेवली होती. गिऱ्हाईक दुपारच्या नमाजानंतर येणार होतं. लिफ्टला अजून वीज नव्हती, आणि ना तिचे गुडघे चालत होते ना उस्तादांचे. तिने आधीच शिवून ठेवलेला तारा माझ्यात ठेवला, बिस्मिल्ला म्हणाली आणि मला सोडलं.

सातवा, सहावा, पाचवा... आणि गचका! मी चौथ्या मजल्यावर लटकले. दोर संपला होता.

गॅलरीसाठी एवढं भांडलो, पण दोराचं नाव कोणीच काढलं नव्हतं! वर इन्साफ रडकुंडीला आली. खाली उस्ताद हात पसरून ओरडत होते, "अगं सोड ना!"

"काय सोडू? संपला दोर!"

तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई आली. तिचं नाव रतीबा. दूर दक्षिणेच्या मिन्याहून कुटुंबासकट आलेली, नव्या शहाण्णवातली. तिने मला आत ओढलं. मी म्हटलं, आता गेले कांदे! पण तिने तारा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि हळूच परत ठेवला.

"खाला, थांबा!" तिने वर हाक मारली. "गावाहून सामान बांधून आणलेला दोर पडलाय माझ्याकडे. आता कशाला लागतोय? आम्ही कुठे परत जाणार आहोत!"

तिने माझ्या कड्यांचा दोर सोडला, त्याला आपला जोडला, गाठ दातांनी आवळली, दुसरं टोक माझ्या कड्यांना बांधलं आणि मला पुन्हा खाली सोडलं. मी बाजारात उतरले तेव्हा उस्तादांनी तारा उजेडात धरला. त्यांचे डोळे भरून आले, पण वर बघून ओरडले काय, तर "वाकडाच आलाय!"

आठव्या मजल्यावरून उत्तर आलं, "चष्मा पाठवा!" आणि चौथ्या मजल्यावरची रतीबा सगळ्यात मोठ्याने हसली.

मित्रांनो, घरं पाडावी लागतात, उंचही बांधावी लागतात. माणसांना राहायला जागा हवीच. माझं मागणं एवढंच, की नकाशा काढण्याआधी एक सकाळ त्या गल्लीत उभे राहा आणि काय खाली येतं, काय वर जातं, ते बघा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना कपाटावर टाकू नका. दोर कमी पडला तर जोडून घ्या. माझी ती गाठ रोज चौथ्या मजल्याच्या कठड्यावर अडकते. मग इन्साफ खाली हाक मारते, "रतीबा, जरा सोडव गं!"