वाटेत लागलेलं गाव

"थांबव रं गाडी!"

धोंडुबाईंनी पुढच्या सीटच्या पाठीवर अशी थाप मारली की आकाराम ड्रायव्हरनं दचकून ब्रेकच दाबला. मागं ठेवलेला पाण्याचा कॅन लवंडला.

"काय झालं आई? मळमळतंय का?" पुढं बसलेले उदयसिंह वळून म्हणाले.

"मळमळायला मी काय बारकी हाय? डावीकडं वळव म्हणावं. करंजवाडी."

उदयसिंहांनी मांडीवरचा कागद पाहिला. ठाण्याहून निघायच्या आधीच त्यांनी चार दिवसांचा कार्यक्रम तासातासानं लिहून काढला होता. अंबाबाई, रंकाळा, नवा राजवाडा, हे काल झालं. आज सकाळी पन्हाळा. आता मलकापूर आणि तिथून पावनखिंड. करंजवाडी त्या कागदावर कुठंच नव्हती.

"काय आहे तिथं?"

"माझं माहेर हाय."

चौदा वर्षांच्या प्रियदर्शनीनं कानातले वॉकमनचे हेडफोन काढले. सूनबाई नवऱ्याकडं बघायला लागल्या. आजीला माहेर आहे ही बातमी गाडीत सगळ्यांनाच नवी होती.

आता गंमत बघा. तीनशे अडतीस वर्षांपूर्वी पन्हाळ्यावरून कोण कुठल्या वाटेनं निघालं, पालख्या किती होत्या, पाऊस कसा होता, हे सगळं उदयसिंहांना तोंडपाठ. सकाळी गाइड दोनदा चुकला, दोन्ही वेळा यांनी त्याला दुरुस्त केलं. बिचारा शेवटी यांनाच विचारून विचारून पुढं सांगायला लागला. पण आपली आई कुठल्या गावची, हे त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. लहानपणी विचारलं की ती म्हणायची, तिकडं आता कोण न्हाई, आणि उठून कामाला लागायची. मग त्यांनीही विचारायचं सोडून दिलं होतं.

"अर्धा तास फक्त," ते म्हणाले. "खिंडीत उजेड असताना पोचायला हवं."

गाडी कच्च्या रस्त्याला लागली. मे महिन्याचा फुफाटा खिडकीतून आत येत होता, तरी धोंडुबाईंनी काच वर करू दिली नाही. मांडीवर पिशवी होती, पिशवीत काल महाद्वार रोडला घेतलेलं हिरवं इरकल लुगडं. सूनबाईंना वाटलं होतं, सासूबाईंनी स्वतःला घेतलं. ते वहिनीसाठी होतं. दोन दिवस ही म्हातारी सगळ्यांबरोबर निमूट देवळं आणि राजवाडे बघत हिंडली ती एवढ्याचसाठी, की गाडी कधीतरी या रस्त्याला लागेल.

वडील वारले तेव्हा तलाठ्यानं वारसांना बोलावलं होतं. अशा वेळी बहिणीनं काय करायचं हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. हक्क सोडल्याची सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि माहेर राखायचं. धोंडुबाईंनी सही केली नाही. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, पदरात चार वर्षांचं पोर होतं आणि सासरी दोन वेळच्या भाकरीला टोमण्यांचं कालवण होतं. त्यांनी वाटा मागितला. थोरल्या भावानं, ज्ञानूनं, ओढ्याकाठचा तुकडा मुकाट्यानं लिहून दिला. त्यांनी तो विकला, पोराला घेऊन ठाणं गाठलं. त्यानंतर माहेरचं बोलावणं आलं नाही. चाळीस वर्षं झाली. ज्ञानू गेल्याचंही त्यांना बाजारात भेटलेल्या गावाकडच्या कुणाकडून तरी दोन महिन्यांनी कळलं, तेव्हा त्या एकट्याच मोरीत बसून रडल्या होत्या.

घर तेच होतं. कौलं बदलली होती, सोप्यात पंखा आला होता. उंबऱ्याशी बसून एक वाळकी म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. ज्ञानूची बायको, चिमणाबाई. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा धोंडुबाई सहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या डोक्यातल्या उवा काढल्या तिनं, वेण्या घातल्या तिनं, पहिली भाकरी थापायला शिकवली ती तिनंच.

"वैनी," धोंडुबाई अंगणातून म्हणाल्या. "मी धोंडू."

चिमणाबाईंनी मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग सूप बाजूला ठेवून त्या उठल्या.

"या," त्या म्हणाल्या. "बसा पावणं."

त्यांनी ट्रंकेतली कोरी सतरंजी काढून सोप्यात अंथरली. पंखा लावला. तांब्याभांडं आणून पुढं ठेवलं. ल्योक-सून बाजाराला गेल्यात म्हणाल्या. मग कपाटातल्या फुलाफुलांच्या कपबश्या उतरवल्या आणि बशीत बिस्किटं मांडून चहा आणला. प्रवास कसा झाला, पोरगी कितवीला हाय, ठाण्याला पाण्याचं कसं काय, सगळं विचारलं. एक शब्द वावगा नाही.

माहेरवाशीण आली की तिला कुणी या-बसा म्हणत नाही. ती चपला भिरकावते आणि थेट चुलीपाशी जाते. टोपलीत काय आहे ते स्वतःच उघडून बघते, आणि इतके दिवस कुठं मेली होतीस म्हणून वर शिव्या खाते. धोंडुबाई सतरंजीच्या कडेला पाय आवळून बसल्या होत्या.

त्यांनी लुगडं काढून पुढं केलं. चिमणाबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कोनाड्यात ठेवलं आणि आत जाऊन नारळ, ब्लाउजपीस आणि टॉवेल-टोपी घेऊन आल्या.

"घ्या. पावण्यास्नी रिकाम्या हातानं लावून देत न्हाई आम्ही."

उदयसिंहांनी खूश होऊन टोपी घातली. प्रियदर्शनीनं त्यांचा फोटो काढला. "किती मानाची माणसं आहेत हो," सूनबाई हळूच म्हणाल्या. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांना वाटलं, आनंदानं आलं असणार.

"चला, निघू या," उदयसिंह घड्याळ बघत उठले.

धोंडुबाई उठल्या. पण दाराकडं गेल्या नाहीत. त्यांनी पाचही कपबश्या गोळा केल्या आणि स्वयंपाकघरातून मागच्या परड्यात निघाल्या. वाट कुणाला विचारावी लागली नाही.

"अवं, ऱ्हाऊ द्या," चिमणाबाई पाठोपाठ आल्या. "पावण्यांनी भांडी घासायची नसत्यात."

धोंडुबाई दगडावर उकिडव्या बसल्या होत्या. बादलीत हात घालून त्या म्हणाल्या, "वैनी, त्या वाट्यावर माझं पोर शिकलं. चूक केली म्हणून मी म्हणायची न्हाई. तुला राग आलाय तर तोंडावर बोल, झिंज्या धर माझ्या. पर मला कपबशीतनं च्या देऊ नगंस. त्यापेक्षा दारातनं हाकलायचीस."

"राग वाट्याचा हाय व्हय?" चिमणाबाईंचा आवाज एकदम चढला. "जमिनीला काय जाळायचंय! तुझा दादा दर दिवाळीला एस्टीच्या वेळंला फाट्यावर जाऊन बसायचा. धोंडी येईल म्हणायचा. पाय गेलं तवा सोप्यात खाट टाकाय लावली त्येनं, रस्ता दिसंल असा."

धोंडुबाईंचा हात पाण्यातच राहिला.

"मला बोलावलं न्हाई कुणी," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी वाट बघितली, वैनी. दरसाल बघितली. वाटलं, माझं माहेर तुटलं."

"लेकीला बोलवाय लागतंय व्हय गं?" चिमणाबाई ओरडल्याच. "सांग की! कुठल्या घरात बोलवत्यात?"

परड्यात फणसाखाली कोंबड्या माती उकरत होत्या. चिमणाबाईंनी पदरानं नाक पुसलं. मग त्या आत गेल्या, आणि आल्या त्या सकाळचा काळाठिक्कर तवा घेऊन. तो त्यांनी धोंडुबाईंच्या पुढ्यात दगडावर आपटला, शेजारी मूठभर राख टाकली.

"घास," त्या म्हणाल्या. "आन खालनंबी घास. कामचुकार हुतीस तू पैल्यापास्नं."

धोंडुबाईंनी तवा ओढून घेतला.

पुढं आकारामनं हॉर्न वाजवला, एकदा, दोनदा. उदयसिंह परड्याच्या दारात आले. डोक्यावर टोपी तशीच होती, हातात कागद. आई उन्हात बसून तवा घासत होती, हुंदके देत होती, आणि शेजारी ती म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आई? अगं, उशीर होतोय. खिंड राहून जाईल."

"ती कामात हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "तुम्ही या जावा बघून, काय ती खिंड."

उदयसिंह आईकडं बघत राहिले. तिनं मान वर केली नाही.

"राख संपली, वैनी," ती म्हणाली. "आणखी आण की."