स्प्रिंगचं दुसरं टोक

"मी पुण्याला येणार नाही," रिचाला मी ठणकावून सांगितलं. "दयानंदला इथं माझ्याशिवाय कोण आहे?"

"बाबा, दयानंदकाका बोलूच शकत नाहीत. तुम्ही रोज एका डब्यात तोंड घालून बसता. लोक हसतात."

"हसू देत. त्यांना तेवढाच उद्योग."

लेकीनं नव्या घरात माझ्यासाठी खोली ठेवली होती, खिडकी वगैरे असलेली. माझ्या नकारानंतर तिनं महिनाभर वाट पाहिली. आता तिथं तिच्या सासूबाई राहतात. रिचाची काहीच चूक नाही.

बेंगळुरात हेब्बाळला आमच्या सोसायटीच्या दोन इमारती पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, मधे जेमतेम एका खोलीचं अंतर. माझ्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीसमोर दयानंदची बाल्कनी. कबुतरांच्या त्रासाला कंटाळून दोघांनीही हिरवे पत्रे ठोकून घेतलेत, त्यामुळं दिसत काहीच नाही. तो निपाणीचा, मी साताऱ्याचा. एकाच सरकारी प्रयोगशाळेत आमची सगळी नोकरी तारेच्या वेटोळ्यांतून आवाज पाठवण्यात गेली. स्प्रिंगमधून गेलेला आवाज रमतगमत उशिरा पोचतो, त्या उशिराचा उपयोग करायचं आमचं काम. निवृत्त झाल्यावर आम्ही चिकपेटेच्या बाजारातून लांबलचक स्प्रिंग आणली, पत्र्यांना भोकं पाडून या बाल्कनीतून त्या बाल्कनीत ताणली आणि दोन्ही टोकांना पत्र्याचे डबे जोडले. सकाळच्या चहाला तिच्यावरून गप्पा. "स्वल्प जोरात बोल की रे," तो ओरडायचा, आणि मी मुद्दाम पुटपुटायचो.

मग त्याला पक्षाघात झाला आणि बोलणं गेलं. मी भेटायला गेलो तर मला बघून तो रडायला लागला. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत. मी त्याच्यावर खेकसलो आणि घरी येऊन स्वतः रडलो. त्यानंतर समोरासमोर बसणं दोघांनाही नको वाटायचं. स्प्रिंग बरी होती.

तो ऐकतोय हे मला कसं कळायचं, असं रिचा विचारायची. अगदी सोपं आहे. पलीकडचा डबा सुटा लोंबकळत असला, की आपला आवाज त्या टोकाला आपटून परत येतो. 'दयानंद' म्हणावं, तर खोल विहिरीतून आल्यासारखं 'दयानंद' परत ऐकू येतं. पण तिकडं कुणी डबा घट्ट छातीशी धरला, की आवाज त्याच्या अंगात जिरतो. काहीच परत येत नाही. मी हाक मारायची आणि थांबायचं. शांत असलं, की समजायचं, आला बाबा. ते त्याचं 'हूं' होतं.

आधी निम्म्या वेळा माझाच आवाज परत यायचा. तो झोपलेला असायचा, नाहीतर त्याची आंघोळ चाललेली असायची. दसऱ्यानंतर मात्र मी कधीही हाक मारली तरी पलीकडं शांतता. माझ्या मित्राला माझी ओढ लागली आहे, असं वाटून मी हरखून गेलो. किती दिवसांनी कुणाला तरी मी हवा होतो! गुडघ्यांपासून रिंगरोडच्या गर्दीपर्यंत सगळं त्याला सांगितलं. दिवाळीत रिचाचं विचारणं सांगितलं, माझा नकार सांगितला. "तुझ्यासाठी राहिलोय," मी म्हटलं. "उपकार मानू नकोस."

आज सकाळी फाटकाशी त्याच्याकडं काम करणारी अनुसूया भेटली. तीही निपाणीकडचीच.

"दयानंद काय म्हणतोय?" मी विचारलं. "खातोय ना नीट?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "अण्णा कुठं हैत हितं? दसऱ्यातच कावेरीअक्कांनी बेळ्ळंदूरला आपल्या घरी नेलं की त्यास्नी. मी आठवड्यातनं एकदा झाडून जाते. अक्कांनी मोबाईलवर सगळ्यांस्नी कळवलं हुतं न्हवं?"

कळवलं असेल कावेरीनं, त्याच्या लेकीनं. स्प्रिंगमुळं इमारतीची शोभा जाते, असं आमचा सेक्रेटरी विराट म्हणाला, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मी तावातावानं बाहेर पडलो होतो.

"मग डबा कोण धरतं?"

तिला काही समजलं नाही. मी तिच्याबरोबर वर गेलो. बाल्कनीत स्प्रिंगच्या टोकाला एक जाडजूड गोधडी गुंडाळलेली होती, डब्यासकट, वरून साडीच्या काठानं करकचून बांधलेली.

"वाऱ्यानं वाजायचं ओ," अनुसूया म्हणाली. "खालची बाई लई वरडायची. म्हणून बांधून टाकलं."

प्रयोगशाळेत आवाज परत येऊ नये म्हणून आम्ही स्प्रिंगच्या टोकाला नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, जाड तुकडे लावायचो. वर्षानुवर्षं ते मी माझ्या हातानं कापले. टोकाशी आवाज गिळणारं काहीही चालतं, त्याला कान असावेच लागत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ही चूक हाताखालच्या कुणी केली असती, तर मी त्याला सोलून काढला असता. मी एका गोधडीसाठी बेंगळुरात राहिलो होतो. मी तिथंच खुर्चीवर बसलो आणि अनुसूयेसमोर रडलो. तिनं पाणी आणून दिलं.

"जाताना अण्णाबी असंच रडलं," ती म्हणाली. "हितंच बसलं हुतं, डबा छातीशी धरून. गाडी खाली उभी, अन् हे डबा सोडंनात. तुमचं बोलणं चाललंतं त्यातनं. शेवटी अक्कांनी एकेक बोट सोडवलं."

"मी काय बोलत होतो?"

"ते मला कसं कळणार ओ?"

मला ती सकाळ आठवली. बोलता बोलता मधेच माझाच आवाज परत आला होता. मी सांगतोय आणि हा उठून गेला, असं वाटून मी संतापलो होतो. "जा, जा," असं ओरडून मी डबा आपटला आणि चहा प्यायला आत निघून गेलो.