मुलं शाळेत गेलीत

स्वीडनहून फिनलंडच्या ओलांड बेटांकडे जाणाऱ्या बोटीत बहुतेक माणसं स्वस्त बिअर आणायला चढतात, आणि त्यातली निम्मी ती बिअर परतीच्या वाटेतच संपवतात. त्यामुळे रांगेतल्या एका ढेरपोट्या गृहस्थाने यालमारची लादलेली गाडी पाहून आपुलकीने विचारलं, "रिकामी न्यायची सोडून भरलेली कशाला नेताय?"

"संसार आहे," यालमार म्हणाला. "बायको, दोन पोरं आणि एक पियानो."

"परत कधी?"

"कायदा बदलला की."

गृहस्थाला वाटलं, दारूवरच्या कराचंच बोलणं चाललंय. त्याने हळहळून यालमारच्या खांद्यावर थोपटलं. शेजारी उभ्या बायकोने, इल्वाने, तोंड फिरवून हसू दाबलं. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी त्यांची एवढी बाजू घेतली नव्हती.

कायदा वेगळाच होता. मुलांना घरी शिकवायचं तर तसंच अपवादात्मक कारण हवं, असं स्वीडनने ठरवलं होतं. त्यांची थोरली टीरा शाळेत पहिलं वर्षभर एका जिवाशी बोलली नाही आणि भिंतीकडे तोंड करून जेवली, हे कारण अपवादात्मक ठरलं नाही. घरी आल्यावर तीच पोर बापाचे हिशेब दुरुस्त करायला लागली, तेही कुणी मनावर घेतलं नाही. दंडाच्या नोटिसा यायला लागल्या. त्यांच्यासारखी जी दोन-चार घरं ओळखीची होती, त्यातली काही समुद्रापलीकडे गेली. उरलेल्यांनी मुलं शाळेत घातली आणि इल्वाकडे येणं-जाणं कमी केलं. हरलेला माणूस न हरलेल्याला टाळतो. त्यात राग नसतो, नुसता त्रास वाचवणं असतं.

या सगळ्यात इल्वा एक कला शिकली होती. सकाळच्या वेळी दारावरची घंटा वाजली की टीरा आणि धाकटा फोल्के उंदरासारखे नाहीसे व्हायचे, आणि इल्वा दार उघडून गोड आवाजात सांगायची, "मुलं शाळेत गेलीत." धुराडं साफ करणाऱ्याला, शेजारणीला, देवाच्या गोष्टी सांगत फिरणाऱ्या दोन तरुणांना, सगळ्यांना तिने हेच सांगितलं होतं. लग्नाआधी तिला साधी थाप मारता यायची नाही, कान लाल व्हायचे. आता कानांनाही सवय झाली होती.

ओलांडवर घरी शिकवायला मुभा होती, पण मोकाट नव्हे. पालिकेची एक शिक्षिका घरी येऊन मुलं पाहणार, आणि तिचं समाधान झालं नाही तर मुलांना इथल्याही शाळेत जावं लागणार. म्हणजे घरदार, कामधंदा, पियानो असा सगळा पसारा समुद्र ओलांडून आणला, तो एका बाईच्या मर्जीवर येऊन थांबला होता. बाईचं नाव सोल्वेग. यालमार इथे छपरांचं काम करायला लागला होता आणि तिथून बातमी घेऊन आला होता, की तिने सख्ख्या भाच्याला गणितात नापास केलंय.

ती यायच्या दिवशी इल्वाने घर दोनदा पुसलं.

"तू झाडलोट करतेयस की पुरावे नष्ट करतेयस?" यालमारने कामावर निघताना विचारलं.

"तू जा."

"टीरा तिच्याशी बोलेल ना?"

इल्वाने फडकं पुन्हा पिळलं. तोच तर सगळा प्रश्न होता. पोरीला येत सगळं होतं, पण परक्या माणसासमोर तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि मुक्या मुलीला काय येतं, हे परीक्षा घेणारीला कसं कळावं?

या लोकांत उशिरा येणं वाईट, पण लवकर येणं त्याहून वाईट. लवकर पोचलेला माणूस कोपऱ्यावर गाडीत बसून वेळ काढतो, पण घंटा वाजवत नाही. सोल्वेगने वेळेआधीच वाजवली. इल्वाचे हात वेलदोड्याच्या पावांच्या कणकेत मनगटापर्यंत बुडालेले होते. ती तशीच धावली, कोपराने दार उघडलं, समोर करड्या केसांची, उंच, बूट झटकणारी बाई पाहिली, आणि गोड आवाजात म्हणाली, "मुलं शाळेत गेलीत."

बाईने बूट झटकायचे थांबवले. "कुठल्या शाळेत? मी तिथूनच आलेय."

इल्वाचे कान बऱ्याच वर्षांनी लाल झाले.

"मी सोल्वेग," बाई म्हणाली. "पालिकेकडून. मुलं बघायला."

"तुम्ही... या ना आत. मुलं घरातच आहेत."

पण ती घरात नव्हती. पलंगाखाली नाही, कपाटात नाही, पियानोमागे नाही. मागचं दार उघडं होतं. अंगणाच्या टोकाला टेकाडाच्या पोटात बटाटे ठेवायचं तळघर होतं, तिथवर इल्वा कणकेच्या हातांनी धावली आणि मागून सोल्वेग.

"टीरा! फोल्के! या बाहेर, घाबरू नका!"

आतून चकार शब्द नाही.

"येणार नाहीत," इल्वा रडकुंडीला येऊन म्हणाली. "मीच शिकवलंय. परकं माणूस बरोबर असलं तर मी हाक मारली तरी यायचं नाही."

"शिकवलेलं लक्षात राहतंय म्हणायचं," सोल्वेग म्हणाली. तिने एक लाकडी खोकं उलटं केलं, तळघराच्या दाराशी त्यावर बसली आणि आतल्या अंधाराकडे पाहत आपल्याशीच पुटपुटल्यासारखी बोलली, "अरे देवा, सफरचंदं बटाट्यांना खेटून ठेवलीत! हे कुणाचं शहाणपण? आठवडाभरात मोड येतील."

मग अंधारातून बारीक, पण चिडलेला आवाज आला. "मुद्दाम ठेवलीत."

टीरा परक्या बाईशी बोलली होती.

"मुद्दाम?"

"पलीकडच्या पोत्यात नुसते बटाटे आहेत. कुठल्या पोत्यात आधी मोड येतात ते बघायचंय. एका पुस्तकात लिहिलंय सफरचंदांमुळे लवकर येतात, दुसऱ्यात लिहिलंय उलट उशिरा येतात."

"सफरचंद श्वास सोडतं," फोल्केने माहिती दिली.

"श्वास नाही रे, वायू. गप बस."

"माझी आई सांगायची, लवकर येतात," सोल्वेग म्हणाली.

"तुमच्या आईने करून बघितलं होतं?"

"टीरा!" इल्वा किंचाळली.

सोल्वेगने हातानेच तिला गप्प केलं. "नाही गं," ती अंधाराला म्हणाली. "तिच्या आईने सांगितलं होतं, म्हणून ती सांगायची."

"मग ते धरता येणार नाही," टीराने निकाल दिला.

बाई हसली ती खोक्यासकट हलली. पुढे ती त्या खोक्यावरून उठलीच नाही. दोन्ही पोती सारख्याच थंडाव्यात आहेत का, पाच पोती असती तर काय केलं असतं, असं ती विचारत गेली, आतून उत्तरं येत राहिली, मधे भांडणंही झाली. शेवटी टीराच मोड दाखवायला बटाटा घेऊन उजेडात आली आणि आपण बाहेर आलोय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

कॉफी पिताना इल्वाने माफी मागायला तोंड उघडलं. सोल्वेगने ते कालच्या पावाचा तुकडा मोडता मोडता बंद केलं. "मुलाच्या वहीतलं अक्षर खेकड्यासारखं आहे, तेवढं बघ. मी वसंतात परत येईन. बटाट्यांचं काय झालं ते मला हवंय."

"म्हणजे शिकवू? घरीच?"

"अगं मग कुठे? पण गृहपाठ देऊन जाते. दाराची घंटा वाजली की मुलांनी दार उघडायचं. तू नाही."

ती गेल्यावर यालमारचा फोन आला. मागे हातोड्यांचे आवाज येत होते.

"काय झालं?"

"गृहपाठ दिला."

"पोरांना?"

"मला."

"म्हणजे पास?"

"पास," इल्वा म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर बसली ती आडवीच झाली. बाहेर ऐन शाळेच्या वेळी टीरा आणि फोल्के रस्त्याच्या कडेला उभे राहून शेजाऱ्याच्या कुत्र्याशी ओरडून भांडत होते, आणि कुत्रं त्यांच्याहून मोठ्याने. उठून त्यांना आत घ्यावं असं काही तिच्या मनात आलं नाही. कणीक परातीबाहेर फुगून आली होती. इल्वा तशीच, पीठ लागलेल्या कपड्यांनी, त्या गोंगाटात गाढ झोपली.