कोंबड्यांचा आडोसा

ताजुद्दीनचे डोळे गेले नसते तर अबू फहदच्या कोंबड्या त्याच्या गळ्यात पडल्या नसत्या. डोळे गेले म्हणजे अगदीच गेले नव्हते, पण संध्याकाळच्या वेळी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती त्याला फुलबाज्या उडताना दिसायला लागल्या, आणि अशा माणसाच्या हाती गाडी कोण देणार? वीसेक वर्षं त्याने रियाधमध्ये अबू फहदच्या घरची गाडी चालवली होती. त्याच्या मुलांना शाळेत सोडलं, मुलींना लग्नाच्या खरेदीला नेलं, म्हातारीला इस्पितळात नेलं-आणलं. दुसऱ्या एखाद्या कफीलने, म्हणजे विसा देणाऱ्या मालकाने, तिकीट हातावर ठेवून खलास म्हटलं असतं. अबू फहद पडला भला माणूस. त्याने ताजुद्दीनला घरी न धाडता अल खर्जच्या आपल्या मळ्यावर धाडलं. वर पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आता तू आराम कर." अशा भल्या माणसांपुढे काय बोलायचं?

मळ्यावरचा आराम असा की खजुरीला पाणी, बकऱ्यांना चारा आणि अबू फहदच्या आईच्या कोंबड्या. म्हातारीला दुकानातली अंडी चालत नसत. तिला बलदी, म्हणजे आपल्याकडची गावठी, अंडी लागत, आणि तीही मातीत चरणाऱ्या कोंबडीची. म्हणून खुराड्यापुढे जाळी मारून मोठं मोकळं आवार केलेलं. ते ऊन-वाऱ्याला, धुळीला आणि वर्षातून दोन-चारदा येणाऱ्या पिसाट पावसाला सताड उघडं. थंडी तोंडावर आली तशी अबू फहदने ताडपत्री, पाईप आणि पत्रे आणून टाकले आणि सांगितलं, "यांना आडोसा कर. कसा ते तुला कळतंच. तुमच्याकडे तर पाऊसच पाऊस."

ताजुद्दीनच्या मनात काय होतं ते सांगून टाकतो, कारण तो स्वतः ते कुणाला सांगत नसे. त्याला घरी जायचं होतं. दोन महिन्यांच्या सुट्टीवर नव्हे, कायमचं. बाणकोटच्या खाडीकाठी त्याचं घर होतं, घरात हफीजा होती, आणि आता पायऱ्या उतरायला तिला भिंतीचा आधार लागत होता. त्याचा पासपोर्ट अबू फहदच्या कपाटात होता. त्यावर खुरूजचा, म्हणजे कायमचं देश सोडायचा, शिक्का बसवून घ्यायचा एवढंच काम. पण त्यासाठी तोंड उघडून मागायला हवं, आणि इथेच गाडं अडत होतं. ज्याच्या घरचं अन्न खाल्लं त्याच्यापुढे "आता मला सोड" म्हणायचं नाही, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. तो आडून आडून बोले. "बाबा, घरात बाई दिवसभर एकटी असते." त्यावर अबू फहद म्हणे, "अल्ला तिला सलामत ठेवो," आणि तिच्यासाठी खजुराचा डबा देई. हफीजाच्या फडताळात असे डबे एकावर एक चढले होते. तिला गोड खायची बंदी होऊन बरीच वर्षं झाली होती.

तर ताजुद्दीनने आडोसा केला. मन लावून केला. पश्चिमेला पाईप रोवून ताडपत्रीची भिंत ताणली, पत्र्याला पश्चिमेकडे उतार दिला, खाली माती दाबून बसवली. उत्तरेला नुसती जाळी ठेवली, वारा खेळता राहावा म्हणून. त्यात विचार असा कसला नव्हताच, हातच आपोआप तसे फिरले. कोकणात जन्मलेल्या माणसाला पाऊस कुठून येतो हे कुणी शिकवत नाही. झड येते ती समुद्राकडून, पश्चिमेकडून. घराची तीच बाजू माडाच्या झापांनी आधी बंद करायची. आणि ताजुद्दीनच्या गावात तर किबलाही त्याच दिशेला. दिवसातून पाच वेळा ज्या बाजूला तोंड करायचं, पावसाळ्यात झाप बांधायचे तेही त्याच बाजूला. जन्मभराची सवय ती. अल खर्जमध्येही नमाजाला तोंड करायचं ते साधारण पश्चिमेकडेच. मग आडोसा तरी दुसरीकडे कसा होणार?

वादळ आलं ते उत्तरेकडून. असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज आटोपून तो उठतोय तोच आभाळाची कड विटकरी झाली, बकऱ्या ओरडायला लागल्या आणि बघता बघता धुळीने खजुरी दिसेनाशा झाल्या. वारा उघड्या जाळीतून आत घुसला. आत घुसला आणि त्या पश्चिमेच्या मजबूत ताडपत्रीवर आदळून आतच घुमला. ताडपत्री फुगली, पाईप मुळासकट उन्मळले आणि पत्रा उचलला गेला. मागून पाऊस आला. पाऊस कसला, चिखलाचे सडेच. जमीन पाणी पीत नव्हती. सगळं पाणी आवाराच्या खोलगट भागात जमलं, आणि घाबरून एका कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या कोंबड्यांपैकी खालच्या गुदमरल्या, वरच्या भिजून गारठल्या. ताजुद्दीन कमरेला लुंगी खोचून हाताला लागेल तिला उचलून बकऱ्यांच्या गोठ्यात टाकत होता. संपलं तेव्हा निम्म्याहून जास्त मेल्या होत्या.

मेलेल्या कोंबड्या पुरताना त्याला रडू आलं, आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली, पण वाटलं ते वाटलंच. आता अबू फहद चिडेल, म्हणेल, तुझ्यानं काही होत नाही, जा तुझ्या घरी. न मागता सुटका होईल.

अबू फहद शुक्रवारी आला. उन्मळलेले पाईप पाहिले, ताजुद्दीनचा पडलेला चेहरा पाहिला. "अल्लाची मर्जी," म्हणाला. "तू ठीक आहेस ना?" पुढच्या आठवड्यात त्याने नव्या कोंबड्या आणून सोडल्या. मात्र या वेळी जाता जाता, गाडीची काच खाली करून, तो एवढं बोलला, "या थंडीतून कोंबड्यांना नीट पार काढ. मग तुझ्या घरी जाण्याचं बघू."

या एका वाक्यावर ताजुद्दीनने सगळी थंडी काढली.

उत्तरेला त्याने खजुरीच्या झावळ्यांची भिंत घातली. ताडपत्री तिथे नकोच. ती वाऱ्याला अडवते आणि मग वारा तिला घेऊन जातो. झावळ्यांमधून वारा थोडा गळतो, त्याचा जोर मरतो, आणि भिंत जागेवर राहते. दोन थरांत झावळ्या, मध्ये आडवे पाईप, प्रत्येक जोड तारेने आवळलेला. वाकून वाकून कंबर धरली. झावळ्यांच्या काट्यांनी हात सोलवटले, आणि डोळ्यांना तार दिसेना म्हणून बोटांनी चाचपून पीळ द्यावा लागे. पत्र्याचा उतार त्याने दक्षिणेला फिरवला आणि त्यावर मातीच्या गोणी ठेवल्या. आवारात भराव घालून जमीन उंच केली, भोवती चर खणला आणि त्याचं तोंड खजुरीच्या आळ्यांकडे काढलं. मधे मधे तो बसून राही. काम संपत नसे, आणि संपवायची घाई तर होती. अशा वेळी माणूस जास्तच थकतो.

हफीजाचा फोन ठरलेला. ती विचारायची, "काय म्हनला?"

"थंडी सरू दे, म्हनला."

"तुमी तोंडानं मागितलंत, का नुसती मान हलवलीत?"

"मागेन गं."

मग ती फोन तौकीरकडे द्यायची. तौकीर त्यांचा एकुलता एक मुलगा. खाडीवरच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, हात चांगला होता, पण गावातली बरोबरीची पोरं एकेक करून जेद्दाला नि जुबैलला गेली होती. "अब्बा," तो हिंदीत सुरू करायचा, सौदीशी बोलताना त्याला हिंदीच सुचायची, "विसा का क्या हुआ?" ताजुद्दीन म्हणायचा, आवाज येत नाही. आवाज स्वच्छ येत असे. हा मुलगा लहान असताना तो सुट्टीवर गेला की पोर आईच्या मागे लपायचं. ओळख पटेपर्यंत सुट्टी संपायची. असं पाच-सहा वेळा झालं आणि पोराला मिसरूड फुटलं. ताजुद्दीनला त्याबद्दल कुणाचा राग नव्हता, पण उद्या होणाऱ्या नातवाच्या बाबतीतही हेच व्हावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

मार्चमध्ये दुसरं वादळ आलं. पहिल्यापेक्षा मोठं. दुपारीच अंधारलं, शेजारच्या मळ्यावरचं पत्र्याचं छप्पर उडून या मळ्यात येऊन पडलं. ताजुद्दीन झावळ्यांच्या भिंतीला पाठ टेकून आतल्या बाजूने बसून राहिला. पाठीला भिंत थरथरताना जाणवत होती, झावळ्यांतून बारीक धूळ मानेवर पडत होती, पण भिंत हलली नाही. पाऊस आला, चरातून पाणी वळून खजुरीकडे गेलं. कोंबड्या दांडीवर अंग फुगवून बसल्या होत्या. एक तर त्याच्या मांडीशी येऊन टेकली. त्याने तिला हाकललं नाही.

शुक्रवारी अबू फहद आईला घेऊन आला. म्हातारी गाडीतूनच कोंबड्या मोजत होती आणि दुवा देत होती. अबू फहदने भिंतीला हात लावून पाहिला, जोर लावून पाहिला, आणि हसून ताजुद्दीनला छातीशी धरलं. मग दोघं चटईवर बसले. काहव्याचे दोन घोट झाले, आणि ताजुद्दीनने, कधी नव्हे ते, तोंड उघडलं.

"बाबा, मला खुरूज दे. मला घरी जायचंय. कायमचं."

अबू फहदने पेला खाली ठेवला. रागावला नाही. थोडा दुखावला असावा. मग म्हणाला, "तुझं बरोबर आहे. दमलास तू. मी विचार केलाय त्याचा. तुझा मुलगा आहे ना, तौकीर? त्याचा विसा मी काढतो. तो आला की तू जा. तुझ्यासारखा माणूस मला बाहेर मिळणार नाही, पण तुझं रक्त असेल तर मी निर्धास्त." आणि वर म्हणाला, "लोक माझ्याकडे विसा मागत येतात, ताज. मी कुणाला देत नाही. तुला देतोय."

खरंच मोठी गोष्ट होती ती. गावात कळलं असतं तर पेढे वाटले असते. आपण घरी जातोय, पायऱ्या उतरणाऱ्या हफीजाला हात देतोय, हे ताजुद्दीनला क्षणभर डोळ्यांपुढे दिसलंसुद्धा. मग आपल्या जागी, याच चटईवर, तौकीर दिसला. समोर अबू फहदचा मुलगा बसलेला, आणि तौकीर आडून आडून म्हणतोय, घरात बाई दिवसभर एकटी असते.

"मुलगा नको," ताजुद्दीन म्हणाला.

"का?"

"त्याचं तिकडे चांगलं चाललंय. दुसरा कुणी बघ, बाबा."

"दुसरा मी कुठून बघू?" अबू फहदने हात पसरले. त्याच्या आवाजात खोट नव्हती. "दुसरा मिळेपर्यंत मग तूच. कुठे घाई आहे? हे घर तुझंच आहे."

ताजुद्दीनने मान हलवली. जाताना अबू फहदने खजुराचा डबा ठेवला.

संध्याकाळी फोन आला. मागे तौकीरने टीव्ही लावलेला ऐकू येत होता. हफीजाने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "काय म्हनला?"

तिला खरं सांगितलं तर तौकीरला कळणार. तौकीरला कळलं तर तो उद्याच बॅग भरायला घेणार, आणि त्याला अडवणं आईच्याही हाती राहणार नाही.

"पुढच्या वर्षी बघू, म्हनला."

 मग हफीजाचा आवाज आला, आणि तो रडवेला नव्हता, नुसता कंटाळलेला होता. "तुमी मागितलंतच नाय. मला ठाव हाय ना. जन्म गेला, पन तुमच्यानं एकदा तोंड उघडून मागवलं नाय."

"नाय मागवलं," ताजुद्दीन म्हणाला.